अडीच मिलिमीटर

गेल्या दोन वर्षांत आमच्या बर्मिंगहॅमच्या घरी जो कोणी पाहुणा आला, त्याने गॅरेजमध्ये डोकावून एकच प्रश्न विचारला, "हे खरेच रस्त्यावर धावणार का?" त्यात पाहुण्यांची चूक नव्हती. चार चाके, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, उघडे इंजिन आणि दोन सीटा, एवढेच तिथे होते. छप्पर नाही, दरवाजे नाहीत. आमची बेगम तिला 'खाट' म्हणायची.

इंग्लंडमध्ये अशा गाडीला किट कार म्हणतात. सांगाडा आणि पत्रा नवा घ्यायचा, इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग वगैरे एखाद्या जुन्या गाडीतून काढायचे आणि घरी बसून जुळवायचे. जिच्यातून सामान काढतात त्या गाडीला इथे 'डोनर' म्हणतात, रक्तदात्याला म्हणतात तसेच. या छंदातली एक गाजलेली गाडी म्हणजे १९५७ सालची लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी ती अशी बनवली होती की गिऱ्हाईक सुटे भाग घरी नेऊन स्वतः जोडू शकत असे. आमचा डोनर होती एक फोर्ड सिएरा. मागच्या चाकांना गंज लागलेली, पण इंजिन धडधाकट.

मी बसच्या डेपोत मेकॅनिक आहे. मुलगा सतरा वर्षांचा. त्या वयाची मुले बापाशी जेवढे बोलतात तेवढेच तोही बोलत असे: "हो", "नाही", "बघतो". गॅरेजमध्ये मात्र त्याची जीभ सुटायची. पाना हातात दिला की शाळा, मित्र, पुढे काय शिकायचे, सगळे आपसूक बाहेर यायचे. म्हणून गाडी लवकर पूर्ण व्हावी अशी मला घाईच नव्हती.

गाडी जुळवली म्हणून ती रस्त्यावर आणता येत नाही. आधी सरकारी तपासणी, जिला इथे आय.व्ही.ए. म्हणतात, म्हणजे एकट्या-दुकट्या गाडीला दिली जाणारी मान्यता. २००९ पासून ही पद्धत आहे. फी ४५० पौंड. एक अधिकारी जवळपास दिवसभर गाडी तपासतो: ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज, वजन, पट्ट्यांचे खिळे. नापास झालात तर कारणांचा कागद हातात देतो आणि फेरतपासणीला ९० पौंड घेतो.

आमच्याकडे गावी असे काही शक्यच नाही. खेडला माझ्या चुलतभावाचे गॅरेज आहे. पूर्वी तो जुन्या जीपगाड्या कापून-जोडून काय काय बनवायचा. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीने बनवलेल्या मूळ रूपात बदल केलेली गाडी नोंदवता येणार नाही, तेव्हा त्याचे ते काम थंडावले. मी त्याला इथली पद्धत सांगितली तर म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे सरकारच विचारते, दाखव बघू काय बनवलेस?" अगदी तसेच.

पहिल्या तपासणीत आम्ही नापास झालो. कागदावर पाच कारणे होती. आरशात मागचे पुरेसे दिसत नव्हते. पुढच्या नाकावरच्या दोन बोल्टांची टोके धारदार होती. गाडी वर्तुळात हळू फिरवून हात सैल सोडला की स्टिअरिंग आपोआप सरळीकडे यायला हवे, ते येत नव्हते. पुढच्या चाकांचे कोन थोडे बदलले आणि ते जमले. उरलेली दोन कारणे स्टिअरिंगच्या चाकाची होती आणि तिथेच आमचे खरे दुखणे सुरू झाले.

ते चाक मुलाने स्वतःच्या पैशांनी घेतले होते. दोन ईदींची ईदी आणि शनिवारच्या नोकरीचा पगार त्यात गेला होता. तेरा इंची, काळ्या चामड्याचे, तीन चकचकीत पट्ट्यांचे, आणि प्रत्येक पट्टीत ओळीने भोके. शर्यतीच्या गाडीला असते तसे. मधोमध सहा बोल्टांची डोकी ड्रायव्हरकडे तोंड करून. गाडीत दुसरे काही नव्हते तेव्हाही हे चाक त्याच्या खोलीत पलंगाशेजारी भिंतीला टांगलेले असायचे.

अधिकारी पन्नाशी ओलांडलेला, शांत गृहस्थ. त्याच्या हातात एक गोळा होता, १६५ मिलिमीटर व्यासाचा. साधारण माणसाच्या डोक्याएवढा, आणि हेतूही तोच. ड्रायव्हरच्या बाजूने हा गोळा स्टिअरिंगवर फिरवायचा. गोळा जिथे जिथे टेकेल तिथली प्रत्येक कड निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येची, म्हणजे तेवढी गोल हवी. शिवाय कपड्यांची बाही, अंगठी, बांगडी अडकेल असे काही चाकावर नको. आमच्या चाकाच्या भोकांच्या कडा पत्र्यासारख्या होत्या. बोल्टांची डोकी षट्कोनी, कोपऱ्यांची. त्याने एक गेज लावून दाखवले आणि मुलाला म्हणाला, दिसायला सुंदर आहे, पण तुझा चेहरा याच्यावर आपटू नये असे मला वाटते.

स्टिअरिंगचा दांडा मात्र पास झाला. तो सिएराचाच ठेवला होता, धक्का बसला की आत चेपला जाणारा. पूर्वीच्या गाड्यांत हा दांडा म्हणजे पुढच्या टोकापासून ड्रायव्हरच्या छातीपर्यंत आलेली सरळ सळई असे. समोरून धडक बसली की सळई मागे सरकायची, आणि मागे छाती. कितीतरी माणसे वेग फारसा नसतानाही केवळ यामुळे गेली. चेपणारा दांडा बनवण्याची कल्पना मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांच्यासारख्यांनी लावून धरली. अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलांपासून तो सर्रास येऊ लागला आणि १९६८ पासून तिथल्या नियमातच बसला.

हे मी मुलाला सांगत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अमेरिका नव्हती, कशेडी घाट होता.

माझे वडील ट्रकड्रायव्हर. १९८३ च्या पावसाळ्यात मुंबईहून माल घेऊन येताना कशेडीच्या एका वळणावर ट्रक घसरला आणि डोंगराकडच्या दरडीवर आदळला. वेग काहीच नव्हता. काच फुटली नाही, क्लीनरला खरचटलेही नाही. पण बाबांच्या तीन बरगड्या स्टिअरिंगने मोडल्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा त्यांच्या छातीवर चाकाचा अर्धा गोल उमटलेला होता, काळानिळा, कोणीतरी काढल्यासारखा. आजही ते डाव्या कुशीवर झोपत नाहीत. ऐंशी उलटली आहे. खोकला आला की हात आधी छातीवर जातो.

तरीही पुढे जे केले ते मीच केले, हे लिहायला हवे.

किट गाड्या बांधणाऱ्यांत एक युक्ती सर्वांना ठाऊक असते. तपासणीपुरते डोनर गाडीचे मूळ, जाड, गुबगुबीत चाक बसवायचे, पास व्हायचे, घरी येऊन काढायचे आणि आपले आवडते चाक लावायचे. आमच्या मशिदीत येणारे भरूचकडचे एक भाई आहेत, त्यांनी अशा दोन गाड्या बांधल्या. ते म्हणाले, "अरे, माझ्याकडे सिएराचे चाक पडलेय. आतापर्यंत तीन गाड्या पास करून आलेय ते. घेऊन जा, काम झाले की परत दे." आमच्या डोनरचे मूळ चाक फाटलेले होते, ते मी आधीच भंगारात दिले होते. मी भाईंचे चाक घेऊन आलो. मुलगा आनंदाने नाचला. मलाही त्यात काही गैर वाटले नाही. सगळेच करतात, आणि अधिकाऱ्यालाही ते माहीत असणारच, असे मी स्वतःला सांगितले.

फेरतपासणीला तोच अधिकारी होता. गोळा फिरवला, दाबून पाहिले, कागदावर खूण केली. मग पेन खिशात ठेवता ठेवता सहज म्हणाला, "हे चाक चांगले आहे. हेच ठेवणार ना?"

मी म्हणालो, "हो, हेच."

मुलगा शेजारी उभा होता.

प्रमाणपत्र मिळाले. ठरलेल्या तपासणीला जाण्या-येण्यापुरती अशी गाडी नोंदणीआधीही चालवता येते, तेव्हा आम्ही तीतूनच घरी निघालो. छप्पर नाही आणि वरून बारीक पाऊस. दोन वर्षांची मेहनत फळाला आली होती, अल्हम्दुलिल्लाह, पण मुलगा गप्प. मला वाटले, थंडीने असेल.

घरी आल्यावर तो सरळ पाना घेऊन बसला. मी म्हटले, "आज राहू दे, थकला असशील." तो थांबला. पाना हातातच होता. म्हणाला, "अब्बा, तुम्ही त्यांना 'हो' का म्हणालात?"

"मग काय म्हणायचे होते?"

"काहीही. 'बघू' म्हणायचे होते. त्यांनी विचारले नसते तर गोष्ट वेगळी होती. पण त्यांनी विचारले."

मला राग आला. खरे बोललेले ऐकले की बापाला राग येतो, निदान मला तरी येतो. मी म्हणालो, "चाक तुला हवे होते की मला? तुझ्याच हट्टासाठी मी हे केले." तो काही बोलला नाही. पाना खोक्यात ठेवला आणि वर निघून गेला. सतरा वर्षांचा मुलगा जिना चढताना आवाज न करता चढला, तेव्हा समजावे की बिघडले आहे.

रात्री बेगम म्हणाली, "त्याला चाकाचे काही नाही. त्याला तुमचे वाईट वाटतेय."

शनिवारी सकाळी मशिदीच्या वर्गात मी लहान मुलांना शिकवतो. तिथे बाजारातल्या धान्याची हदीस मी दरवर्षी सांगतो. माझा मुलगाही त्याच वर्गात बसून ती ऐकत मोठा झाला. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी एका ढिगाऱ्यात हात घातला. वरचे धान्य कोरडे, आतले ओले. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा त्यांनी विचारले की मग ओले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. मुलांना ही गोष्ट आवडते, कारण त्यांना तो हात डोळ्यांपुढे दिसतो. त्या रात्री मलाही हात दिसला, पण त्यात १६५ मिलिमीटरचा गोळा होता. मी कोरडे धान्य वर ठेवून आलो होतो.

मी कोणा मौलानांना विचारायला गेलो नाही. उत्तर ठाऊक असते तेव्हा माणूस मौलानांकडे परवानगी मागायला जातो. शिवाय मनात एक पळवाट घोळत होतीच: धान्य विकून मी कोणाला लुबाडले? गाडी आमची, छाती आमची. पण ती छाती माझी नव्हती, मुलाची होती. उद्या त्याच्या शेजारच्या सीटवर त्याची बहीण बसणार होती. आणि मी 'हो' म्हणालो होतो ते एका माणसाला, ज्याने माझ्या मुलाच्या चेहऱ्याची काळजी केली होती.

फजरनंतर मी त्याच्या खोलीत गेलो. तो जागाच होता. मी म्हणालो, "काल मी खोटे बोललो. तुझ्यासाठी बोललो असेही म्हणालो, तेही बरोबर नव्हते. मला पास व्हायची घाई होती." तो पलंगावर उठून बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण अब्बा, ते मोठे चाकही ठेवता येणार नाही. गुडघे अडकतात."

हे खरे होते, आणि हा मुद्दा सोडून मी फक्त नीतिकथा सांगितली तर ते वाचकांची दिशाभूल करण्यासारखे होईल. या गाड्या फार अरुंद असतात. दरवाजा नाही, त्यामुळे पाय आधी आत सरकवून बसायचे. मोठे चाक असले की मांड्या त्याच्याखाली घासतात, आणि झटकन ब्रेकवर पाय न्यायचा तर गुडघा चाकाला लागतो. म्हणजे पास झालेले चाक या गाडीत सोयीचे नाही, आणि सोयीचे चाक पास होत नाही. लोक युक्ती करतात ती नुसत्या दिखाव्यासाठी नाही.

मग आम्ही दोघांनी अधिकाऱ्याचीच परीक्षा घरी मांडली. अडीच मिलिमीटर त्रिज्या म्हणजे पाच मिलिमीटर व्यासाची सळई. कोणतीही कड त्या सळईपेक्षा टोकदार वाटली की नापास. पाच मिलिमीटरच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा आमचे गेज झाला. गोळ्यासाठी मुलाने हिशेब केला: १६५ ला पायने गुणले की घेर ५१८ मिलिमीटर. बहिणीच्या खेळण्यांतले चेंडू दोऱ्याने मोजत सुटला. एक गुलाबी चेंडू हवा कमी-जास्त करून बरोबर ५१८ वर आला. तो गुलाबी चेंडू घेऊन आम्ही दोन शनिवार जुन्या सामानाच्या बाजारात हिंडलो. लोक बघायचे. कोणाला काय वाटायचे ते वाटो.

आधी त्याच्याच चाकावर उपाय करून पाहिला. भोकांच्या कडांना रबरी पट्टी चिकटवली, पण नखाने ओढली तर सुटत होती. तपासणीपुरती टिकली असती, म्हणजे पुन्हा तीच युक्ती, फक्त गोंदाने केलेली. शेवटी चौदा इंचांचे एक वापरलेले चाक सापडले. पट्ट्या भोकांशिवायच्या आणि जाड फोमने मढवलेल्या, मध्ये मऊ गादी, हॉर्नचे बटण आत दबलेले. चेंडू सगळीकडून फिरवला, ड्रिलचा दांडा लावला. एका ठिकाणी शिवणीची कड शंका यावी अशी होती, ती सोडवून बेगमने नव्याने शिवली. तिने त्या 'खाटे'साठी केलेले हे पहिले काम. बसवण्याची भोके ७४ मिलिमीटरच्या वर्तुळावर होती आणि आमच्याकडची जोडणी ७० ची, म्हणून आणखी एक आठवडा गेला. पण गुडघे मोकळे राहिले.

विमा कंपनीला बदल कळवला, तो कळवावाच लागतो. आणि त्या अधिकाऱ्याला मी चार ओळींचे पत्र टाकले: चाक बदलले आहे, तुम्हाला सांगितले होते ते नव्हे, पण नवे चाक तुमच्याच मापाने तपासून घेतले आहे. सोबत चेंडूसह फोटो जोडला. उत्तर आले नाही, येण्याची अपेक्षाही नव्हती. भाईंचे चाक परत द्यायला गेलो तेव्हा त्यांना सगळे सांगितले. ते हसले, म्हणाले, "तू फार विचार करतोस." मग माझ्या मागे मोटारीपर्यंत आले आणि हळूच विचारले, ते मढवलेले चाक किती रुपयांना पडले. पौंडांना रुपयेच म्हणतात ते अजून.

भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले असल्यामुळे गाडीला 'क्यू' ने सुरू होणारा नंबर मिळाला, म्हणजे जिचे वय ठरवता येत नाही अशी गाडी. मुलाला हे आधी लागले. मग त्यानेच तिचे नाव ठेवले, 'दादी', कारण तिचेही वय कोणाला नक्की माहीत नाही.

भोकांचे ते चाक पुन्हा त्याच्या खोलीत भिंतीवर आहे.

नोंदणी झाल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी जुम्यानंतर आम्ही खेडला व्हिडिओ फोन लावला. मुलगा गाडीत बसून दादांना एकेक गोष्ट दाखवत होता: हे इंजिन, हा गिअर, हे दिवे. बाबांना ऐकायला कमी येते, ते नुसतेच मान हलवत होते. मग म्हणाले, "स्टिअरिंग दाखव." त्याने फोन जवळ नेला. "दाबून दाखव." त्याने मधल्या गादीवर अंगठा दाबला, ती आत गेली आणि वर आली. बाबांनी पुन्हा दाबायला सांगितले. त्याने पुन्हा दाबले. पडद्यावर त्यांचा हात छातीवर गेला होता, पण ते खोकत नव्हते.

"बरे आहे," ते म्हणाले. "आता बहिणीला फिरवून आण."